तिचा नंबर मी धरलाय

हे खरं घडलेलं आहे.

शपथ वगैरे घेणार नाही. इथे जो तो आईची शपथ घेऊन सुरुवात करतो आणि तिसऱ्या ओळीत पांढऱ्या साडीतली बाई आणतो. माझ्याकडे पांढरी साडी नाही. अमावास्या नाही, ओसाड बंगला नाही, सुनसान रस्त्यावर बंद पडलेली गाडी नाही. इतकंच काय, रात्रसुद्धा नाही. तुम्हाला तेच हवं असेल तर खुशाल पुढच्या गोष्टीवर जा. तिथे ती केस मोकळे सोडून तुमची वाट बघत बसली असेल.

माझी गोष्ट मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराची आहे. लख्ख ऊन होतं.

जागा म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला दवाखाना.

मी त्याच विद्यापीठात परीक्षा विभागात नोकरी करते. त्यामुळे या दवाखान्याची आणि माझी जुनी ओळख. परीक्षा जवळ आली की तिथून आजारपणाचे दाखले माझ्या टेबलावर येऊन पडतात. अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी ताप. सगळ्यांना तोच ताप, तीच सही, तोच शिक्का. ताप आलेली पोरं दाखला देताना हातातलं आईस्क्रीम पाठीमागे लपवतात. मी काही बोलत नाही. मी फक्त चष्म्यावरून बघते, आणि पोरं घाबरतात. पगार तेवढ्याचाच मिळतो असं आमचे साहेब म्हणतात.

या दाखल्यांचे कर्तेकरविते म्हणजे आमचे डॉक्टर. पोरं त्यांना 'डॉक्टर टेन्शन' म्हणतात. डोकं दुखो, दात दुखो, जिन्यावरून पडून पाय सुजो, डॉक्टरांचं निदान एकच.

"टेन्शन आहे. पाणी पी. झोप काढ."

आणि पांढऱ्या गोळ्या. रोग रेड्याला, औषध पखालीला.

या माणसाची एक खासियत होती. तो मान वर करून पेशंटकडे बघायचा नाही. कधीच नाही. टेबलावर मोबाइल ठेवलेला असायचा, त्यात डोकं. आपण जाऊन समोर बसायचं आणि हात टेबलावर ठेवायचा. तो न बघता दोन बोटं मनगटावर टेकवणार, न बघता गोळ्या लिहिणार. मी त्याच्यासमोरून रोज जाते, पण मला खात्री आहे की माझा चेहरा त्याने पाहिलेला नाही. माझ्या हातातली अंगठी कदाचित ओळखेल.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

दुसरी गोष्ट बाटल्यांची.

आमच्या दवाखान्यात रांगेत माणसं उभी राहत नाहीत. बाटल्या उभ्या राहतात. डॉक्टरांच्या दाराबाहेर बोळात एक लांब बाक आहे. यायचं, आपली पाण्याची बाटली सगळ्यात शेवटी ठेवायची, आणि बाहेर झाडाखाली जाऊन गप्पा मारायच्या. आतून "पुढचा!" अशी आरोळी आली की पहिल्या बाटलीचा मालक आत जातो. तो जागेवर नसला तर मागचा माणूस ती बाटली उचलतो आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवतो. त्यात राग नाही, भांडण नाही. बाटली मागे गेली, विषय संपला.

फक्त एक अपवाद. जाताना तुम्ही कुणाला "जरा नंबर धर हं" म्हणालात, आणि तो "धरते" किंवा "धरतो" म्हणाला, की मग त्या बाटलीला कुणी हात लावत नाही. आमची पोरं परीक्षेत कॉपी करतील, मेलेल्या आजीला दर सहामाहीला पुन्हा मारतील, पण धरलेला नंबर मोडणार नाहीत. एवढं एकच इमान त्यांच्यात शिल्लक आहे.

तर मंगळवार.

माझी धाकटी बहीण त्याच विद्यापीठात शिकते. घरात तिला बारकी म्हणतात. आई गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो. बारकी म्हणजे देवाने सभ्यपणा वाटायला काढला तेव्हा परात घेऊन उभी राहिलेली मुलगी. कुणी हिच्या पायावर पाय दिला तर हीच "सॉरी" म्हणणार. मला या गुणाचा भयंकर राग येतो.

तिचा फोन आला.

"ताई, पोटात दुखतंय गं. तू कामात आहेस का?"

"कुठे आहेस?"

"दवाखान्यात. आज प्रॅक्टिकल आहे ना, इथला दाखला लागतो. तुमच्याच विभागाचा नियम आहे."

आवाज नेहमीसारखा गोड होता. पण मध्येच तिने श्वास आत ओढला, आणि मी खुर्चीवरून उठले. बारकी न दुखता 'दुखतंय' म्हणणारी नाही. दुखत असतानाही म्हणत नाही, हाच तर तिचा रोग आहे.

मी पोचले तेव्हा बारकी बाकाच्या टोकाला वाकून बसली होती. उजव्या कुशीवर हात दाबून धरलेला. कपाळावर घाम, आणि चेहरा पिठासारखा.

बाटल्यांची रांग शेजारीच होती. बारकीची गुलाबी बाटली दुसरी होती. तिच्या पुढे एक स्टीलची बाटली होती. जुनी, एका बाजूने चेपलेली, झाकणाला निळी दोरी बांधलेली.

मागे दहाबारा पोरं ताटकळत उभी होती. एरवी ही जमात झाडाखाली असते.

"काय झालंय? पुढे का जात नाहीये कुणी?"

"ही जाऊ देत नाहीये," मागचा एक उंच पोरगा बारकीकडे बोट दाखवून म्हणाला. "म्हणते, पुढचा नंबर धरलाय."

तेवढ्यात आतून आरोळी आली.

"पुढचा!"

कुणी हललं नाही. दार नुसतं किलकिलं होतं. पुन्हा आत शांतता. डॉक्टरांना काय, कुणी आलं काय नि नाही आलं काय, मोबाइल सुरूच.

"बारके, ऊठ. आत चल."

"ताई, नको गं. तिचा नंबर आहे माझ्याआधी. मी म्हटलंय तिला, धरते म्हणून."

"कुणाला?"

"आत्ता होती इथे. निळ्या स्वेटरमधली. तिच्याही पोटात कळ येत होती बिचारीच्या, ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, जरा बाथरूमला जाऊन येते, माझा नंबर धरशील का? सगळे माझी बाटली मागे सरकवतात म्हणाली."

"किती वेळ झाला?"

तिला कळ आली होती. तिने माझा दंड पकडला, आणि नखं रुतली.

लख्ख ऊन होतं आणि बाहेर चांगलं उकडत होतं, हे मी पुन्हा सांगते. स्वेटर कोण घालेल त्या उन्हात, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. नाही पडला.

दाराशी सिस्टर बसलेल्या होत्या. सिस्टर म्हणजे या दवाखान्याचा दुसरा खांब. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून दिवसभर शेंगा सोलल्यासारख्या गोळ्यांच्या पट्ट्या कापतात.

"सिस्टर, माझ्या बहिणीला आत्ता आत घ्या. तिला उभं राहवत नाहीये."

"पुढचा नंबर कुणाचा आहे?"

"कुणीतरी बाथरूमला गेलीय."

"मग आली की जाईल. नियम म्हणजे नियम."

त्या बोलता बोलता सहज बाकाकडे वळल्या. स्टीलची बाटली त्यांना दिसली. त्यांच्या हातातली कात्री थांबली. मग त्यांनी मान खाली घातली आणि घाईघाईने पट्ट्या कापायला लागल्या.

"नंबर धरलाय ना? मग थांबा," एवढंच म्हणाल्या.

मी तडक बाथरूमकडे गेले. बोळाच्या शेवटी आहे. दार आतून बंद. आत नळ चालू होता. बारीक धार, बादलीत पडत असल्यासारखी.

मी दार बडवलं.

"अहो बाई! बाहेर लोक मरतायत. येताय की नाही?"

नळ बंद झाला.

आणि आतून... अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आला.

"आले हं. एकच मिनिट. नंबर गेला नाही ना माझा?"

आवाज दमलेला होता. पोरगी असावी विशीतली. माझा राग थोडा कमी झाला, आणि त्याच क्षणी मला काहीतरी खटकलं. आवाज दाराच्या वरच्या भागातून येत नव्हता.

तो खालून येत होता. फरशीच्या पातळीवरून.

"बरी आहेस ना गं?" मी विचारलं.

पुन्हा नळाची धार.

मी परत आले तर बारकी बाकावर आडवी झाली होती. आडवी होतानाही स्टीलच्या बाटलीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून. ते बघितलं आणि माझं टाळकं सटकलं. मी तिला बखोटीला धरून उठवलं. ती बसून राहिली. आजारी माणसात एवढा जोर कुठून येतो कोण जाणे.

"ताई, मी शब्द दिलाय. तिचाही जीव आहे ना."

"आणि तुझा? तुझा काय बाजारात पडलाय?"

"कुणीतरी धरल्याशिवाय मी नाही जाणार."

मग मी ते बोलले.

रागाच्या भरात, पोरीला एकदाचं आत ढकलायचं म्हणून. तुम्हीही हेच बोलला असतात.

"बरं बाई! मी धरते तिचा नंबर. मी! झालं समाधान? आता ऊठ."

आणि मी ती स्टीलची बाटली उचलली.

ती भरलेली होती. जड. आणि गार... फ्रिजमधल्यासारखी नाही. हिवाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या लोखंडासारखी.

बोळाच्या शेवटी बाथरूमची कडी निघाल्याचा आवाज आला.

मी मागे वळून बघितलं नाही. एका काखेत बाटली, दुसऱ्या हाताने बारकी, अशी मी आत शिरले.

डॉक्टर मोबाइलमध्ये होते. टक्कल तेवढं आमच्याकडे.

आम्ही दोघी समोरच्या खुर्च्यांवर बसलो. बारकीने सवयीने हात टेबलावर ठेवला. मीही टेबलाची कड धरली होती.

डॉक्टरांनी मान वर न करता समोरच्या हातांकडे एक नजर टाकली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तिघी एकदम कशाला आलात? एकेकीने यायचं."

मी बारकीकडे बघितलं. बारकी माझ्याकडे बघत नव्हती. ती खुर्चीत जरा बाजूला सरकली. कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

"डॉक्टर, आम्ही दोघीच—"

"बरं, आधी पहिली."

डॉक्टरांनी हात पुढे केला. बारकीच्या हाताच्या अलीकडे, जिथे नुसतं रिकामं टेबल होतं, तिथे त्यांनी दोन बोटं टेकवली.

टेबलाला नाही. टेबलाच्या चार बोटं वर. हवेत.

बोटं तिथे थांबली. कशावर तरी टेकलेली. बोटांची टोकं दाबली गेल्यासारखी चपटी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मोबाइलवरची त्यांची नजर हलली नाही.

"हात गार पडलाय. जेवत नाहीस ना वेळेवर?"

त्यांनी बोटं जरा इकडे, जरा तिकडे केली.

"नाडी लागत नाहीये."

"टेन्शन आहे," डॉक्टर म्हणाले. "पाणी पी. झोप काढ. बरं नाही वाटलं तर परत नंबर लाव."

माझ्या काखेतली बाटली हलकी झाली. त्याच घडीला. आतलं पाणी कुणी एका घोटात पिऊन टाकावं तशी.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. बारकीला उचलली आणि तशीच बाहेर काढली. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "पुढचा!"

त्या उंच पोराने धावत जाऊन गाडी आणली. नाव ठेवायला मी सगळ्यांना ठेवते, पण त्याला ठेवणार नाही.

मोठ्या इस्पितळात बारकीला सरळ ऑपरेशनला घेतलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन करणाऱ्या बाईंनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अजून जरा उशीर केला असता, तर अवघड होतं." त्या माझ्या डोळ्यांत बघून बोलल्या. डॉक्टर असं करू शकतात हे मी विसरूनच गेले होते. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

मग डोळे पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्स उघडली.

आत स्टीलची बाटली होती. निळी दोरी.

मी ती पर्समध्ये ठेवली नव्हती. गाडीत माझे दोन्ही हात बारकीभोवती होते.

पुन्हा काठोकाठ भरलेली.

बारकी सुखरूप घरी आल्यावर मी दवाखान्यात गेले. भांडायलाच गेले होते. डॉक्टरांच्या टेबलावर ती बाटली आपटली.

"त्या दिवशी कुणाची नाडी बघत होतात?"

"रोज इतके येतात. चेहरे लक्षात ठेवत बसलो तर झालं," डॉक्टर मोबाइलला म्हणाले.

"हात गार होता. नाडी लागत नव्हती."

"हां, ती होय. येते ती अधूनमधून. वर्षानुवर्षं येते. नुसतं टेन्शन." मग जरा चिडून, "औषध घेत नाहीत आणि परत परत येतात."

वर्षानुवर्षं. या माणसाने वर्षानुवर्षं तिची नाडी बघितली होती, ती लागत नव्हती, आणि याने एकदाही मान वर केली नव्हती. मी त्या टकलाकडे बघत राहिले. भुताची भीती वाटते लोकांना. मला त्या क्षणी त्या जिवंत माणसाची जास्त वाटली.

सिस्टरांना मी बोळात गाठलं. आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग इकडे तिकडे बघून बोलल्या.

"होती एक. तुमच्या आधीची गोष्ट, थंडीतली. सकाळी दाखवून गेली, गोळ्या दिल्या. बरं वाटेना म्हणून परत बाटली लावली. मग नंबर आला तेव्हा जागेवर नव्हती. पोरांनी बाटली मागे ठेवली. परत नंबर आला, परत नव्हती. परत मागे. दिवसभर तेच. संध्याकाळी बंद करताना झाडणारीला बाथरूममध्ये सापडली. खाली पडलेली. दाराला तोंड लावून."

"आणि दिवसभर कुणी जाऊन बघितलं नाही?"

सिस्टरांनी खांदे उडवले.

"जागेवर नव्हती ना. नियम म्हणजे नियम."

मी त्यांना जे बोलले ते त्यांनी आधी कुणाकडून ऐकलं नसावं. पण गेंड्याच्या कातडीवर पाऊस.

"आणि ते बाथरूम अजून वापरता?"

"छे! तेव्हाच बंद केलं."

त्यांनी किल्लीने दार उघडून दाखवलं. आत जुन्या खोक्यांची छतापर्यंत थप्पी होती. माणूस सोडा, मांजर शिरायला जागा नव्हती. नळाच्या जागी भिंतीत सिमेंट भरलेलं. आणि दाराला आतून कडीच नव्हती.

मी ती बाटली बाकावर ठेवली आणि निघाले. माझ्या दृष्टीने विषय संपला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग गेल्या महिन्यात एके सकाळी माझ्या पाठीतून कळ निघाली आणि सरळ ओटीपोटात उतरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बारकीला न सांगता मी जवळच्या दवाखान्यात गेले. विद्यापीठाच्या नाही, एवढी अक्कल मला आहे.

बाहेर कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्च्या. मी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं.

"बसा. तुमच्या आधी एक जण आहेत."

मी बसले. अर्धा तास गेला. कुणी आलं नाही, कुणी आत गेलं नाही.

"अहो, कोण आहे आधी?"

"आहेत," ती मान खाली घालून म्हणाली.

मी तणतणत निघाले. दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथेही चिटपाखरू नाही.

"तुमच्या आधी एक जण आहेत."

तिसऱ्या ठिकाणी मला बसवतच नव्हतं. मी काउंटर धरून उभी राहिले. तिथली बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "त्या बाथरूमला गेल्यात हो. आल्या की जातील, मग तुमचाच नंबर. तुम्हीच म्हणालात ना त्यांना... मी धरते म्हणून?"

मी मागे बघितलं.

पहिल्या खुर्चीवर स्टीलची बाटली होती. एका बाजूने चेपलेली.

बोळाच्या टोकाला बाथरूमचं दार बंद होतं. आत नळाची बारीक धार.

मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती कशीबशी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ खोकत येऊन बसले होते. त्यांना नुसतं म्हणायचं होतं, जरा यांचा नंबर धराल का? ते बिचारे हो म्हणाले असते. शब्द जिभेवर आले होते. पण त्यांचा खोकला ऐकवत नव्हता. मी जीभ चावली.

बारकीचा फोन आला.

"ताई, ऑफिसात नाहीस म्हणे. कुठे आहेस? आवाज असा का येतोय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण कळ आली आणि तोंडातून निघून गेलं.

"बारके, दवाखान्यात आहे. ती बाटली आहे गं समोर."

ती हळूच म्हणाली, "निळ्या दोरीची?"

"हो."

"तू तेव्हा माझ्यासाठी म्हणाली होतीस. मी धरते म्हणून."

"तू मध्ये पडू नकोस. इथे पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून हातात देईन. कळलं?"

"हो ताई," बारकी म्हणाली. शहाण्या मुलीसारखी.

मी फोन ठेवला. बाहेरच्या दाराकडे नजर लावून बसले. बारकी येऊ नये, एवढंच मनात. ती आली की तिच्या तोंडून तो शब्द निघणार, मला माहीत होतं.

बारकी आली नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला.

आणि नळ बंद झाला.

मी वळून बघितलं. पहिली खुर्ची रिकामी होती.

"चला ताई," काउंटरवरची बाई म्हणाली. "तुमचा नंबर."

मी जागची हलले नाही. ती बाई मला पुन्हा पुन्हा बोलावत होती, आणि मी बारकीला फोन लावत होते.

"बारके, कुठे आहेस?"

"घरी. तू नको म्हणालीस ना, मग कशाला येऊ?"

"काही बोललीस का कुणाला? खरं सांग."

"अगं, आपल्या बाथरूममध्ये नळ वाजायला लागला," बारकी म्हणाली. आवाज गोड, नेहमीसारखा. "मी दाराशी गेले आणि सांगितलं, तू हो सावकाश. ताईला जाऊ दे. मी धरते तुझा नंबर."

माझा मुतखडा निघाला. एवढासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्यापायी हे सगळं.

बारकीला अजून काही झालेलं नाही. साधी शिंकसुद्धा नाही. पण बँकेत, दुकानात, कुठेही रांगेत उभी राहिली की ती पुढच्या माणसापासून एक माणूस मावेल एवढी जागा सोडते. मागचे लोक ओरडतात. ती "सॉरी" म्हणते आणि तिथेच उभी राहते. स्टीलची बाटली आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी ती दोनदा कचऱ्यात टाकली आणि एकदा नदीत. तिन्ही वेळा संध्याकाळी परत खिडकीत.

मी रोज सकाळी बारकीला विचारते, कुठे दुखतंय का? डोकं? पोट? दात? सगळ्या जगाला तुच्छ लेखणारी मी, तिच्या पाठीमागे भुंग्यासारखी फिरते. ती आता वैतागलीय.

काल म्हणाली, "ताई, किती घाबरतेस गं. मला काही होत नाही. आणि झालंच, तर नंबर धरायला तू आहेस की."